पूजेला बसलेला कॉम्प्युटर

९ जून, सोमवार

तोंडाने बोलले की भांडण होतं, म्हणून आजपासून लिहिणार. लिहिलेलं निदान शेजारी ऐकू जात नाही.

आज सकाळी श्रीहर्षने गोडाऊनमधल्या सगळ्यांना बोलावून घेतलं. श्रीहर्ष म्हणजे आमच्या मालकांचा, शेषगिरी अण्णांचा मुलगा. बेंगळूरची नोकरी सोडून वडिलांच्या धंद्यात आला, तेव्हापासून हुबळीच्या दुर्गदबैल बाजारामागच्या गल्लीत आम्ही सगळे ताठ बसायला शिकलो आहोत. आमचा औषधांचा होलसेलचा व्यापार. मी स्टॉक बघते. कुठलं औषध कुठल्या रॅकवर, किती आलं, किती गेलं, हे मला विचारायचं. सावनी शाळेत जायला लागली तेव्हा इथे चिकटले, ती अजून आहे.

श्रीहर्ष म्हणाला, "बिलिंगच्या सॉफ्टवेअरमागे एवढा मोठा डेटाबेस पडून आहे, पण त्याला प्रश्न विचारणारं कुणी नाही. माल रॅकवर पडून एक्सपायर का होतो, ते आपल्यापैकी कुणालाच सांगता येत नाही." त्यासाठी तो बेंगळूरहून एक मुलगा आणणार. मग माझं काम त्या मुलाकडे जाणार आणि मी कलघटगीला, तिथल्या नव्या गोडाऊनवर. "तिथं तुमच्यासारखं अनुभवी माणूस पाहिजे, अक्का." अनुभवी म्हटलं की समजावं, आता आपल्याला उचलून कुठेतरी ठेवणार आहेत.

मी म्हटलं, "प्रश्न विचारायचं काम मीच करते."

कुठून बोलले देव जाणे. बिलिंगचा प्रभंजन उगाच खोकला. श्रीहर्ष मात्र अदबीने म्हणाला, "अक्का, त्याला एसक्यूएल यावं लागतं, डेटाबेसची भाषा." म्हटलं, "येईल." तो म्हणाला, "ठीक आहे. दसऱ्यापर्यंत बघू."

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "या वयात कशाला नसती उठाठेव?" हे म्हणजे आमचे बाळकृष्णपंत, हायस्कूलचे निवृत्त इंग्रजी शिक्षक, सध्या फुलटाइम उपदेशक. मी म्हटलं, घरात एक जण रिकामा बसलेला पुरे आहे.

मग सावनीला फोन केला. आमची मुलगी. लग्न होऊन पुण्याला असते, एका कंपनीचं हेच डेटाबेसचं काम घरी बसून करते. वाटलं होतं हसेल. हसली नाही. म्हणाली, "आई, मी शिकवते. रोज अकराला फोन कर. कधीही कर." लगेच म्हणाली.

१२ जून, गुरुवार

ज्या गोष्टीवर हे सगळं करायचं तिचं नाव नोटबुक. वही वगैरे काही नाही, ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान. त्यात चौकोन. चौकोनात प्रश्न लिहायचा, शिफ्ट आणि एंटर दाबायचं, की खाली उत्तर. कंपनीचं नाव ज्युपिटर. हे म्हणाले, गुरू बदललास की काय.

पण आधी हे पान डेटाबेसला जोडावं लागतं. डेटाबेस अण्णांच्या केबिनमधल्या काळ्या डब्यात, लक्ष्मीच्या फोटोखाली. जोडायला एक लांबलचक ओळ. आधी नाव, मग पासवर्ड, मग @, मग त्या डब्याचा पत्ता, शेवटी डेटाबेसचं नाव. ओळ लिहिली, एंटर दाबलं, खाली लाल अक्षरांचा हा एवढा पसारा. परत लिहिली, परत पसारा. कधी नव्हे ते जेवायचा डबा परत घरी आणला.

१६ जून, सोमवार

जुळलं!

चार दिवस डोकं फोडत होते आणि चूक काय, तर अण्णांनी पासवर्डात तिरुपतीच्या देवाचं नाव घालून मध्येच @ ठोकलाय. या ओळीत @ आला की मशीनला वाटतं पासवर्ड संपला, आता पत्ता सुरू. म्हणजे अर्ध्या देवाचा पासवर्ड आणि अर्ध्या देवाचा पत्ता करून ते शोधत बसलं होतं. सावनीने व्हिडिओवर बघताक्षणी ओळखलं. पासवर्डातल्या @ च्या जागी %40 लिहायला लावलं. खाली लाल काही आलं नाही. मग तिने एक छोटा प्रश्न सांगितला, मी लिहिला, आणि पाच औषधांची नावं ओळीने उमटली. रोज हाताळते ती औषधं, पण बघून अंगावर काटा आला. एवढ्यांदा ओरडले की हमाल धावत आले, त्यांना वाटलं उंदीर निघाला.

सावनीच्या मागे भिंत निळी दिसत होती, अगदी सरकारी दवाखान्यासारखी. म्हटलं, "घर रंगवलंत? हा रंग अमितनेच निवडला असणार." ती "हं" म्हणाली आणि दुसरा प्रश्न लिहायला सांगितला.

जावयाची निवड म्हटल्यावर काय बोलणार.

२८ जून, शनिवार

ह्यांना नवं खूळ. दर शनिवारी धारवाडला लायब्ररीत जाऊन बसायचं. हुबळीत वाचायला काही उरलेलं नाही म्हणे. जायला हरकत नाही, पण जाताना माझ्याकडून चार भाकऱ्या, झुणका आणि शेंगाचटणी बांधून घेतात. म्हटलं, पुस्तकं वाचता की खणता? म्हणाले, धारवाडची हवा थंड, भूक लागते.

मला काय, थापते. शनिवार असला तरी मला सुट्टी नाही, हे त्यांच्या लक्षातसुद्धा येत नाही.

१९ जुलै, शनिवार

डोकं जाग्यावर नाही. रात्रंदिवस त्याच चौकोनांत आहे. भाजी निवडताना सुद्धा मनात ‘कुठल्या तक्त्यातून, कुठल्या अटीवर’ असं चाललेलं असतं. परवा ह्यांनी चहा मागितला तर म्हटलं, अट सांगा, साखरेसह की शिवाय.

शनिवारी सावनीच्या कंपनीला सुट्टी असते, पण आज काही केल्या धीर धरवेना, दुपारी फोन लावलाच. जोडण्या अडल्या होत्या. एक तक्ता मालाचा, दुसरा विक्रीचा. दोन्ही जोडले की ज्या औषधाची विक्रीच झाली नाही ते यादीतून गळून जातं. म्हणाली, त्याच्यासाठी लेफ्ट जॉइन, मग डावीकडचं सगळं राहतं, उजवीकडे जोडी सापडो न सापडो. मी म्हटलं, "जोडी नसलेल्या ओळी कशाला ठेवायच्या? नुसती जागा अडवतात." तर म्हणाली, "कारण त्या आहेत, आई."

मग म्हणाली, थांब, खिडकी लावते, पाऊस फार आलाय. मी म्हटलं, पुण्यात एवढा? इथे हुबळीत लख्ख ऊन. संध्याकाळी हे धारवाडहून आले ते चिंब भिजून, छत्रीसुद्धा उलटी झालेली. या वर्षी पावसाचं काही खरं नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

श्रीहर्षने आज माझ्या मागे उभं राहून बघितलं. मी चौकोनात प्रश्न लिहीत होते, तो बघत राहिला आणि शेवटी "छान" म्हणाला. मग लगेच म्हणाला, बेंगळूरच्या मुलाशीही बोलणं चालू आहे. छान म्हणून चहा पाजायचा आणि कप उचलताना कलघटगीची आठवण करून द्यायची, अशी याची पद्धत.

शिवाय त्याने माझा पासवर्ड बदलून दिला. आता मला मूळ डेटाबेसवर जायचं नाही. त्याची नक्कल काढून दिलीय, तिथे फक्त वाचायचं, लिहायचं काही नाही. लहान मुलाला फुटका मोबाईल देतात खेळायला, तसं वाटलं. बोलले नाही काही. शिकतेय मी.

गणपतीला सावनीला या म्हटलं. अमितला रजा नाही म्हणाली, ती एकटी येऊ का विचारत होती. मी स्पष्ट सांगितलं, एकटी येऊ नको. एप्रिलमध्ये दोन मोठ्या बॅगा घेऊन आली होती, तेव्हाच आमची केशवापूरची अख्खी गल्ली विचारत होती, मुक्काम किती दिवस, जावई का नाहीत. तेव्हाही नीट काही सांगेना. नुसतं, त्याच्याशी बोलणंच होत नाही. मी म्हटलं, ह्यांच्याशी माझं तरी कुठे होतं, म्हणून काय मी बॅगा उचलल्या? मीच पुण्याचं तिकीट काढून दिलं, ह्यांनी स्टेशनवर सोडलं. तेव्हापासून सगळं सुरळीत आहे, एकदाही कुरकुर ऐकली नाही तिच्याकडून. वेळीच बोललेलं बरं असतं.

हे मात्र जेवता जेवता उठून गेले. आमटीत मीठ जास्त झालं होतं की काय. मला तर बरोबर लागली.

१३ सप्टेंबर, शनिवार

सापडलं. एक्सपायर का होतो ते सापडलं!

दोन वर्षांपूर्वी गोडाऊनमधले रॅक हलवले होते. माल हलला, पण कॉम्प्युटरमध्ये रॅकचे नंबर अर्धेच बदलले. त्यामुळे एकच औषध दोन ठिकाणी दिसतं. पोरं नव्या रॅकवरचा ताजा माल काढतात, जुन्यावरचा तसाच पडून सडतो. लेफ्ट जॉइननेच सापडलं, जोडी नसलेल्या त्या ओळींत.

श्रीहर्षला दाखवलं. त्याने खुर्ची ओढली, बसला, आणि पहिल्यांदा मला विचारलं, "मग आता काय करावं, अक्का?" वाटलं, गेली कलघटगी. पण म्हणाला, दसऱ्यानंतर शुक्रवारी सगळं नीट मांडून दाखवा, त्या दिवशी ठरवू. तो मुलगाही त्याच दिवशी येणार आहे.

म्हणजे शुक्रवार, तीन ऑक्टोबर. तोवर मला झोप लागेलसं वाटत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सावनीला म्हटलं, ते रॅकचे नंबर मीच दुरुस्त करून टाकते, शुक्रवारी काम करूनच दाखवते. ती एकदम कडक आवाजात म्हणाली, "चालू डेटाबेसला हात लावायचा नाही, आई. नोटबुकमधून बदल केलास की तो अर्धवट अवस्थेत राहतो. तू कमिट म्हणेपर्यंत पक्का होत नाही, आणि तोवर त्या ओळी अडकून राहतात. दुसऱ्या कुणाला त्यांना हात लावता येत नाही." मी हो म्हटलं.

आईला शिकवताना पोरीला भारी चेव येतो. आवाज खोल गेलाय पण तिचा. म्हटलं जेवतेस ना? म्हणाली, शनिवारी तर घरचं जेवते. बाकीचे दिवस बाहेरचं खाते वाटतं. दोघं नोकरीवाले, स्वयंपाकाला कुणाला वेळ. अमितला फोन करून सांगणार होते, पण तो उचलतच नाही हल्ली.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या खंडेनवमी. दिवसभर झेंडूच्या राशी, ऊस, केळीचे खांब, दुर्गदबैलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. गोडाऊन धुऊन काढलं. आणि माझ्या जिवाला घोर लागलाय. नकलेतला डेटा आठवड्याचा शिळा आहे, त्यावर काय दाखवू? मूळ पासवर्ड, तो देवाच्या नावाचा, मला पाठ आहे. अण्णांनी काही तो बदललेला नाही.

उद्या पूजेआधी जरा लवकर जाते.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज लिहिलं नाही तर फुटेन.

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. मूळ डेटाबेसला जोडून घेतलं, रॅकचे सगळे नंबर एका झटक्यात बदलायची ओळ लिहिली, एंटर दाबलं. झालं. खाली आलं, इतक्या ओळी बदलल्या. आनंदाने बघतेय तोवर अण्णांच्या पत्नी अनसूयाबाई आरतीचं ताट घेऊन दारात. "सुलभक्का, उठा उठा, मुहूर्त जाईल." उठले. त्यांनी माझा स्क्रीन बंद केला, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, कीबोर्डवर अक्षता टाकल्या. मग अण्णांच्या केबिनमधल्या काळ्या डब्याला हार. दारात कोहळा फोडला. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत हत्यारांना हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. सुताराची करवत असो नाहीतर कॉम्प्युटर. औषधांचं काम म्हणून बिलिंगचं एक काउंटर तेवढं चालू, त्याला कुंकू लावून सूट.

कमिट म्हणायचं राहिलं. हे माझ्या लक्षात तेव्हा नाही आलं. प्रसादाचा द्रोण हातात होता.

थोड्या वेळाने प्रभंजन ओरडला, "अक्का, बिल सेव्ह होईनाय बघा. नुसतं गोल गोल फिरायलंय." काउंटरवर दोन दवाखान्यांची माणसं उभी, एकाला इन्शुलिन, एकाला सलाईन. सावनीचे शब्द आठवले. त्या ओळी माझ्या हातात अडकल्या होत्या, रेशनच्या रांगेत पुढे उभं राहून पोत्यावर हात ठेवायचा आणि घ्यायचंही नाही, सोडायचंही नाही, तसं. आणि माझा हात तिकडे हाराखाली, कुंकू लावून बसलेला.

धावत माझ्या टेबलाकडे गेले, तर अण्णा आडवे आले. "मुट्टब्याड्री! हात लावायचं न्हाई आज." म्हटलं, "अण्णा, एकच बटण." म्हणाले, "एक असू दे नाहीतर शंभर. माझ्या वडिलांपासून या दुकानात पूजेला बसलेल्या वस्तूला कुणी हात लावला न्हाई." बेळगावला सासुरवाडीला गेलेल्या श्रीहर्षला फोन लावला. तो म्हणाला, सर्व्हर बंद करून चालू करा. सर्व्हर म्हणजे तोच काळा डबा, त्याला तर दोन हार. अण्णा केबिनच्या दारात खुर्ची टाकून बसले. "माल चिठ्ठीवर द्या, प्रभंजन. चिठ्ठ्या उद्या घाला." इन्शुलिन गेलं, सलाईन गेली, कुणाचं काही अडलं नाही. पण काउंटरवर गर्दी वाढायला लागली, प्रभंजनच्या चिठ्ठ्या एकावर एक, आणि मला एवढंच दिसत होतं की शुक्रवारी श्रीहर्ष विचारणार, कुणी केलं? वाचायलासुद्धा नक्कल दिली होती ती याचसाठी.

सावनीला फोन केला. रडले चक्क. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या मशीनला हात न लावता पण सोडवता येतं. त्याच नेटवर्कवर दुसरं मशीन पाहिजे, ज्याची पूजा झालेली नाही असं." म्हटलं, "आज हुबळीत असं कुठलं सापडणार? रिक्षासुद्धा पूजेला बसल्यात." ती म्हणाली, "माझ्या लॅपटॉपची नाही झाली. माझ्याकडे कोण करणार? थांब, येते."

मला वाटलं, पोर माझ्या रडण्याने गोंधळून काहीतरी बोलतेय. पुण्याहून येणार म्हणजे संध्याकाळ होणार. मी तशीच पायरीवर बसून राहिले. काउंटरवरचा आरडाओरडा ऐकत होते. आणि दुपारच्या जेवणाच्या आतच गल्लीच्या तोंडाशी सावनी. पाठीला बॅग, केस कसेबसे बांधलेले. हातांची हाडं दिसत होती.

ती माझ्याकडे बघून थांबली नाही. अण्णांना वाकून नमस्कार केला, म्हणाली, "अण्णा, हे माझं मशीन. ह्याला आज कुणी कुंकू लावलेलं नाही, मी वापरू?" अण्णांनी लॅपटॉप उलटासुलटा करून बघितला आणि "हौदु, चालतंय" म्हणाले. तिने लॅपटॉप नेटवर्कला जोडला, डेटाबेसला विचारलं, आता कोण कोण जोडलेलं आहे. यादी आली. त्यात माझ्या मशीनची ओळ, काम अर्धवट टाकून दार अडवून बसलेली. तिने तेवढी जोडणी तोडली. प्रभंजन काउंटरवरून ओरडला, "झालं झालं! सेव्ह झालं!" मी सकाळी केलेले बदल सगळे मागे फिरले, जसे काही केलेच नव्हते.

अण्णांनी तिच्या हातावर पेढा ठेवला. मी विचारलं, "तू पुण्याहून एवढ्यात कशी आलीस?"

"धारवाडहून आले. चिगरी बसने."

"धारवाडला कशाला आली होतीस?"

"राहते तिथं. सप्तापूरला, हॉस्टेलवर. जूनपासून."

पेढा हातात तसाच धरून ती उभी होती. मी काय म्हणाले? लिहायची लाज वाटते, पण तेच म्हणाले. "आणि अमित?" ती म्हणाली, "येते मी, कॉल आहे." आणि गेली. मी गल्लीत उभी. निळी भिंत, पाऊस, चार भाकऱ्या, सगळं एकदम अंगावर आलं.

घरी आले तर हे झोपाळ्यावर. म्हटलं, "लायब्ररीत कुठलं पुस्तक चाललंय?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं. म्हणाले, "तिने सांगू नको म्हटलं होतं. आई परत पाठवेल म्हणाली." म्हटलं, "आणि तुम्ही मुकाट्याने ऐकलंत?" "मी तेवढंच करू शकत होतो," म्हणाले. "भाकऱ्या तर तूच करत होतीस."

संध्याकाळी श्रीहर्षचा फोन. मी आधीच सांगून टाकलं, लॉक मीच केलं, मूळ पासवर्ड वापरून केलं. म्हणाला, "माहीत आहे, अक्का. प्रभंजनने सांगितलं. तुमची मुलगी आता इथंच असते का? मला अगदी असंच माणूस पाहिजे. ती आली तर बेंगळूरचा नको. तुम्ही आहात तिथेच स्टॉकला राहा, कलघटगी विसरा."

सगळं मिळालं म्हणायचं. मुलीला नोकरी, मला खुर्ची. मग पोटात जळतंय का? खरं सांगते, चार महिने डोकं मी फोडलं, आणि काम तिला. पण तिच्याजवळ घर नाही, आणि माझ्याजवळ तिला द्यायला हे आहे. उद्या जाते.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळीच चिगरीने धारवाडला गेले. हे येतो म्हणाले, मी नको म्हटलं, नुसता पत्ता घेतला.

हॉस्टेलची खोली मला सांगायची गरज पडली नाही. दारात दोरीवर तिचा तो हिरवा पंजाबी वाळत होता, मीच घेतलेला. आत लोखंडी कॉट, निळी भिंत. व्हिडिओवर दिसायची त्याहून खोली लहान. ती कॉटवर बसून काम करत होती. मला बघून उभी राहिली आणि पहिलं वाक्य काय म्हणाली, तर "मी परत जाणार नाही, आई."

मी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं तिच्या हातात दिली. इकडच्या रितीने म्हटलं, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु." सोन्यासारखे राहू या. तिनेही म्हटलं, पण हात मागे घेतला.

मग मी घाईघाईने सगळं सांगितलं. श्रीहर्षचा फोन, नोकरी, पगार चांगला देईल, मालकही भला आहे, असं अवघडून राहायला नको. बोलत होते आणि मलाच वाटत होतं, किती मोठं काहीतरी तिला देतेय मी. आतून जीव तुटत होता तरी देतेय.

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "ते तुझं काम आहे. तू कमावलंयस. मी त्याला तसंच सांगेन. नोकरी मला आहे."

म्हटलं, "मग तुला पाहिजे तरी काय?"

"घरी यायचं होतं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा बॅगा घेऊन निघाले होते. पहिल्यांदा तू तिकीट काढून दिलंस. दुसऱ्यांदा हुबळी स्टेशनवर उतरले आणि पाय निघेना, म्हणून तशीच धारवाडला आले. रोज अकराला तुझा फोन यायचा ना, तेवढ्यासाठी मी सकाळी उठत होते."

ही चार महिने मला शिकवत होती आणि मी समजत होते, आईची हौस पुरवतेय. अमितचं काय झालं ते मी विचारलं नाही. सांगायचं तेव्हा सांगेल, नाही सांगितलं तरी चालेल. गल्लीत विचारणाऱ्यांना काय सांगायचं तेही सुचलं नाही, आणि पहिल्यांदाच सुचावंसं वाटलं नाही.

कॉटखाली दोन बॅगा होत्या, एप्रिलमधल्याच. एक मी ओढून बाहेर काढली. सावनी म्हणाली, "हे काय करतेस?" म्हटलं, "कपडे दे. वाळत घातलेलेसुद्धा काढ." ती तशीच उभी राहिली. म्हणाली, "किती दिवसांसाठी?"

मी उठले. दोरीवरचा हिरवा पंजाबी काढला, ओलाच होता, आणि घडी घालायला बसले. मग ती माझ्या शेजारी खाली बसली आणि एप्रिलपासून अडवून धरलेलं सगळं रडली.

उद्या शुक्रवार. त्या मुलासमोर श्रीहर्षला काय दाखवायचं, ते अजून ठरलेलं नाही. पलीकडच्या खोलीत सावनी झोपलीय. हे दोनदा उठून बघून आले, तिसऱ्यांदा मी जाते.